साडीगार्डावरची चार बोटं जागा

माझ्या मालकांची मोटारसायकल खोलली त्या दिशी शेडात आमी चौघं हुतो. मी, माझी सून हौसा, चाकं न्यायला आलेलं काटेवाडीचं दूधवालं तात्या, आन ज्याचं शेड त्यो माझा धाकटा दीर. आमच्या दिरासारखा मानूस बारामतीपास्नं इंदापुरापतोर दुसरा घावायचा न्हाय. देवानं जग रंगिवलं पर भट्टीत भाजायचं इसरला, म्हनून समदं इटतं, असं त्याचं म्हननं.

त्याचा धंदा मोटारसायकलीच्या चाकांना पावडर कोटिंग करायचा. लोखंड घासायचं, करंटाच्या बंदुकीनं पिठावानी रंग उडवायचा, आन कपाटाएवढ्या भट्टीत भाजायचं. चाकं सरली की त्याला करमत न्हाय. मग माझा कालथा निळा झाला, दाराची कडी सोनेरी झाली, म्हशीची साखळी लाल झाली. म्हस दोन दिस गोठ्यात शिरंना. लाकडाचं पोळपाटबी त्यानं भट्टीत घालून बघितलं. कोळसा हातात घिऊन म्हनला, "वैनी, लाकडाला न्हाय बसत." एकदा तर कामावरनं तसाच पुतनीची सुपारी फोडायला गेला, हिरव्या भुवया घिऊन. पावनं टकामका बघायला लागलं तर म्हनतो, "घाबरू नका, अजून भाजलेलं न्हाय, पुसलं की जातंय." शेडात जायचं तर देवळावानी हात धुवून जायचं, तेलाचं बोट लागलं की तितं रंग धरत न्हाय. मी डोक्याला तेल लावलं असलं तर मला भाईरच उभी करतो. चुकलं, असं मातर त्याच्या तोंडातनं कधी निघालं न्हाय. पायावर चाक पडलं तवाबी म्हनला, चाक बरूबर पडलं, पाय वाकडा हुता.

मालक गेलं तवा दोन पोरं, एक म्हस आन ही गाडी, येवढंच मागं ऱ्हायलं. दिरानं त्याच गाडीवर धा वरसं दूध घातलं, माझी पोरं शिकिवली. सोताचं लगीन तेवढं ऱ्हाऊन गेलं.

त्या दिशी मी शेडात गेले तर गाडीचं साडीगार्ड त्याच्या हातात, घासायला घितलेलं. मी मालकांच्या मागं एका अंगाला बसायची, पाय त्या जाळीवर. जोडव्यांनी घासून घासून तितला रंग चार बोटं गेला हुता. मालक दर दसऱ्याला गाडी रंगवायचं, तेवढी जागा सोडून. म्हनायचं, ही तुजी जागा.

मी साडीगार्ड ओढून मांडीवर घितलं आन खालीच बसले.

"वैनी, तेलाचं हात."

"असू द्यात. हितं रंग लावायचा न्हाय, भावजी."

"उघडं ठिवलं तर गंजंल."

"मीबी गंजलेच की. घालताय का मला भट्टीत?"

"मापात बसत न्हाय तुमी."

हौसा पदर तोंडाला लावून हसली. तात्या म्हनलं, "अर्धं काम बघून गिऱ्हाईक तुलाच नावं ठिवंल, बाबा."

दिरानं मग भट्टीत न जळनारी पट्टी फाडली, त्या जागंवर डकवली, आन साडीगार्ड माझ्या मांडीवरनं हळू काढून घितलं.

भट्टीतनं निघालं तवा समदं काळंभोर, आन मधी चार बोटं उघडं लोखंड. आता रोज सकाळी मी तितं तेलाचं बोट फिरिवते. त्यो बघून न बघितल्यावानी करतो. गाडी शेडाच्या तोंडालाच उभी असती, त्यामुळं येनारा इचारतोच, हितं का ऱ्हायलं म्हनून. दीर मान खाली घालून म्हनतो, "चुकलं."

वाचनारांनो, कवा हिकडं आलात तर चाकं घिऊन खुशाल या. तेवढं त्याला इचारू नका.