बांगडी भरलेलं पाखरू

आज हमिंगबर्डच्या फीडरसाठी साखरेचं पाणी उकळलं, आणि त्या गोडसर वासासरशी बारा वर्षांपूर्वीची इथली, अमेरिकेतल्या ईडन प्रेरीतली एक सकाळ आठवली. ऑगस्ट सरत आला होता, हमिंगबर्ड दक्षिणेकडे निघाले होते. माझी लेक मीरा तेव्हा कॉम्प्युटर सायन्स सोडून पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घालायला शिकली होती. त्या नंबरावरून पक्षी पुढे कुठे पोचला ते कळतं. मला हे पटलं नव्हतं. मित्रांनी विचारलं की मी विषय बदलायचो.

सांगलीहून आलेल्या आईला घेऊन मी तिचं काम बघायला गेलो. आई कासारीण. चाळीस वर्षं बाजारात बसून तिने बायकांना बांगड्या भरल्या. तेही मी इथे कुणाला सांगितलं नव्हतं.

मीराने अंगठ्याएवढं पाखरू अलगद धरलं आणि काडीहून बारीक पायात कडी बसवली. पाखरू हललंसुद्धा नाही. आई नुसती तिची बोटं बघत होती.

"हात माझ्यावर गेलाय पोरीचा," ती म्हणाली.

"आजी, हात फ्लॅट ठेव. डोन्ट मूव्ह," म्हणत मीराने ते आईच्या तळव्यावर ठेवलं. हिरवी पाठ क्षणभर चमकली आणि पाखरू भुर्रकन उडालं.

"बांगड्या भरल्या की बाई नमस्कार करून उठते," आई हसली. "याला कुठला वेळ? लांब जायचंय त्याला."

त्याच शनिवारी मित्रांकडे पॉटलकला, म्हणजे सगळ्यांनी एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी विचारलं, मीरा काय करते? मी हातातली प्लेट खाली ठेवली.

"आम्ही कासार," मी म्हणालो. "आई बायकांना बांगड्या भरायची, लेक पाखरांना भरते."