घरी काढलेली हवा आणि अनंतगिरीचा उतार

दोन सायकलींच्या तेलावर चालणाऱ्या ब्रेकमधली हवा काढायचे दुकानदारानं सोळाशे सांगितले. मी घरीच केलं. तेल, सिरिंजा, नळ्या मिळून अकराशे. पाचशे वाचले, त्यात गेलेला अख्खा रविवार आणि बाल्कनीच्या फरशीवरचा न निघणारा डाग धरलेला नाही.

एक सायकल माझी, दुसरी मुलीची, सायलीची. सिरिंजनं खालून तेल ढकललं, वरून बुडबुडे निघाले, शेवटी हाताशी आलेल्या फडक्यानं चाकांवरच्या ब्रेकच्या डिस्क पुसून लख्ख केल्या. ब्रेकचा दांडा दगडासारखा घट्ट.

"बघ, मेकॅनिक याहून वेगळं काय करतो?"

"बरं, बाबा," सायली म्हणाली.

पुढच्या रविवारी मी आणि माझ्या दुकानाशेजारचे वसीमभाई पहाटेच नारायणगुड्याहून अनंतगिरीला मुक्कामाला निघालो. मेहदीपट्टणम उजाडायच्या आत ओलांडा, नंतर बसेस जगू देत नाहीत. दर सिग्नलला माझे ब्रेक किंचाळत होते.

"क्या कदमभाई, ब्रेक लगाए की शहनाई?"

"नया तेल है मियाँ, बैठ जाता."

चेवेळ्याच्या रस्त्यावर वडांची सावली मिळते तेवढी घ्या, पुढं ऊनच ऊन. इडली चेवेळ्यातच खा. विकाराबादनंतरच्या चढानं मांड्यांचं पीठ केलं. वर खोली स्वस्त मिळाली, उशी मात्र विटेची. झोप कसली, नुसतं पडून राहिलो.

सोमवारी सकाळी उतार. दुसऱ्या वळणावर दांडा पूर्ण दाबला. दांडा घट्ट, सायकल सुसाट.

"हल्लू भाई, हल्लू!" वसीमभाई मागून ओरडले.

बूट घासत सायकल कडेच्या मातीत घातली आणि आडवा झालो. गुडघा सोलला. डिस्कला बोट लावलं तर चिकट. वास घेतला. तिळाचं तेल! देवघराखाली लटकणारं, समई पुसायचं फडकं होतं ते.

सायलीच्या डिस्कही त्यानंच पुसल्या होत्या.

तिला फोन लावला. उचलला बायकोनं. "अहो, फोन घरीच विसरलीय. सायकल घेऊन कॉलेजला गेली, मघाशीच."

तिच्या कॉलेजच्या वाटेवरच्या, विद्यानगरच्या बसेस डोळ्यांपुढं आल्या. "तिचे ब्रेक लागणार नाहीत गं."

"आता कुठं शोधू मी तिला?"

उरलेला घाट पायी उतरलो. विकाराबादेत भाजीच्या टेम्पोवाल्यानं दोघांचे सायकलींसकट हजार मागितले. एरवी सहाशेत पटवला असता. त्या दिवशी घासाघीस सुचली नाही. वांग्यांच्या पोत्यांवर बसून आलो. एरवी तोंड न मिटणारे वसीमभाई फक्त एकदाच बोलले, "कुछ नै होता, पानी पियो." तुम्ही जाणार असाल तर चढाची धास्ती घेऊ नका; घराजवळचा एखादा उतार आधी उतरून बघा.

दुपारी पोहोचलो तेव्हा सायली पार्किंगमध्ये सायकलला कुलूप लावत होती.

"बाबा, गुडघ्याला काय झालं?"

"तुझे ब्रेक लागतात?"

"लागतात की." ती जरा घुटमळली. "तुम्ही हवा काढलीत ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी दुकानात नेली होती. त्यांनी डिस्क धुऊन ब्रेकचे पॅड बदलून दिले."