एक्स-रेकाकांचा अंधार

एक्स-रेकाकांनी रुग्णालयाच्या तळघरात चौतीस वर्षं माणसांच्या हाडांचे फोटो काढले. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" एवढ्या भांडवलावर त्यांचा संसार झाला. पुढे यंत्रं बदलली, फिल्म धुण्याची अंधारखोली बंद झाली, काकाही निवृत्त झाले. ते वाक्य मात्र निवृत्त झालं नाही.

काकांची नजर म्हणजे त्या रुग्णालयात कौतुकाचा विषय. करड्यावर करडी, केसाएवढी चीर असली तरी ओली फिल्म चिमट्याला लटकवतानाच त्यांना दिसायची. पण म्हणून डॉक्टरांपुढे नाचणं त्यांना ठाऊक नव्हतं. सांगणं हे डॉक्टरांचं काम. काका फक्त ती फिल्म गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवत. हळूहळू डॉक्टरही शहाणे झाले. काकांच्या गठ्ठ्यातली वरची फिल्म ते दोनदा बघू लागले.

अशा माणसाला जुन्या काळ्या-पांढऱ्या गुन्हेगारी सिनेमांचं वेड लागलं नसतं तरच नवल. दर रविवारी दुपारी तीनला एका वाहिनीवर तसला एक लागायचा. जाणकार त्याला 'फिल्म न्वार' म्हणतात. काकू 'टोपीवाल्यांचे सिनेमे' म्हणत. टोप्या घालून घरात बसतात, दिवा कुणी लावत नाही आणि मग एकमेकांना गोळ्या घालतात. वेळेवर दिवा लावला असता तर बोलून मिटलं असतं, हे काकूंचं परीक्षण. तरी मटार सोलायला त्यांना नेमके रविवारचे तीनच वाजलेले लागत आणि खोलीही तीच लागे.

शेजारपाजारचे दोघंतिघंही येऊन बसत. काका खिडक्यांचे पडदे ओढत. पडद्यावर एखादी बाई जिना चढू लागली, की वर कुठल्या कोपऱ्यात कोण दबा धरून आहे ते काकांना सगळ्यांच्या आधी दिसे. पण तोंडातून अवाक्षर नाही. फक्त हलक्या आवाजात म्हणायचे, "रोखून धरा." सगळी खोली श्वास रोखून धरायची, काकूंच्या हातातली शेंगसुद्धा. गोळी सुटली की काका म्हणायचे, "सोडा." एरवी दिग्दर्शकाचं कौतुक होतं, इथे काकांचं व्हायचं.

काकांना सत्तरावं लागलं तेव्हा लेक आणि जावई नवा, भिंतभर टीव्ही घेऊन आले. जावई हौशी. या वयात डोळ्यांना उजेड जास्त लागतो म्हणून त्याने रिमोट घेऊन पडद्यावरची उजेडाची एकेक पट्टी शेवटच्या टोकाला नेली, आणि लेकीने ते सगळं शेजारी बसून मायेने तपासलं.

त्या रविवारी जिना आला. बाई निघाली. काकांनी तोंड उघडायच्या आत काकू म्हणाल्या, "तो काय, पडद्यामागे उभा आहे. बुटांना पॉलिशसुद्धा केलंय मेल्याने."

सगळ्यांनी वाकून बुटांची चकाकी पाहिली. नव्या टीव्हीची वाहवा झाली. लेकीने विचारलं, "बाबा, कसं दिसतंय?"

"स्वच्छ," काका म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

रिमोट हाताशी होता. पण लेक दर रविवारी यायची आणि दर रविवारी विचारायची. लेक-जावयाने लावून दिलेला उजेड आपण कमी करायचा, हे काकांच्या हातून होईना. पुढच्या रविवारी ते काळा गॉगल लावून खुर्चीत बसले.

"आज गॉगल लावून टीव्ही," काकू म्हणाल्या, "उद्या छत्री घेऊन आंघोळीला जातील."

शेजारी हसले. लेक हसली नाही. तिने दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. मिळाली ती शनिवारची. काका मुकाट्याने गेले. डॉक्टरांनी थेंब घातले, दिवे मारले, बारीक अक्षरं वाचून घेतली आणि या वयात इतकी चांगली नजर आपण फारशी पाहिली नाही, असं सांगून त्यांना बाहेर पाठवलं.

बाहेरच्या बाकावर लेकीने त्यांना बसवलं. "मग गॉगल कशाला? बाबा, काही लपवताय का?"

तिचा आवाज कापला तशी काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांखाली आठवडाभराच्या जागरणाच्या करड्या रेघा. काकांच्या एक्स-रेच्या खोलीबाहेरही असाच बाक होता. चौतीस वर्षं माणसं त्यावर अशाच चेहऱ्यांनी बसायची आणि काका त्यांना काही सांगायचे नाहीत, कारण ते त्यांचं काम नव्हतं. हे मात्र त्यांचंच होतं.

"खुनी दिसतो गं," ते म्हणाले.

"कोण?"

"पडद्यामागचा. पहिल्या मिनिटाला दिसतो, अगदी तुझ्या आईलासुद्धा. तुम्ही एवढ्या प्रेमाने उजेड लावून दिलात, तो घालवायचा कसा? म्हणून माझ्यापुरता अंधार करून घेतला."

लेक इतकी हसली की आत बसलेल्या डॉक्टरांनी डोकावून पाहिलं. मग डोळे पुसत ती चिडली. "आठवडाभर मला वाटत होतं, तुमची नजर चालली. यापुढे नुसती फिल्म वर ठेवायची नाही, बाबा. तोंडाने सांगायचं."

रविवारी तिने रिमोट काकांच्या हातात दिला. सिनेमा सुरू होताच काकांनी एकेक पट्टी खाली आणायला घेतली.

"कपाटाशेजारी काय दिसतंय?" त्यांनी काकूंना विचारलं.

"माणूस."

"आता?"

"टोपी."

"आता?"

"काही नाही. वीज गेली का?"

काकांनी आणखी एक घर खाली घेतलं आणि रिमोट ठेवून दिला. गॉगल केव्हाच कपाटात गेला होता. मध्यंतर झालं, पुढचा भाग लागला, आणि जिना आला. बाई हातात दिवा घेऊन वर निघाली.

"रोखून धरा," काका म्हणाले.

खोलीने श्वास रोखला. बाई पाचव्या पायरीवर थांबली. सहाव्या. कुठेतरी दार करकरलं, गोळी सुटली, दिवा फुटला. खोली अजून श्वास धरूनच. काकूंचा चेहरा लाल झाला, शेजारी कासावीस होऊन काकांकडे बघू लागले.

काका खुर्चीच्या टोकावर आले होते. तोंड अर्धवट उघडं, डोळे त्या काळोखात रुतलेले. आज पहिल्यांदाच त्यांनाही खुनी दिसला नव्हता.

लेक मागून त्यांच्या कानाशी वाकली.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "सोडा."