शेवाळ तेवढं तू ठेव

बोन्सायच्या कुंडीत शेवाळ लावण्याआधी त्याच्या पाठीला चिकटलेली माती खरवडून काढायची असते. जुन्या सुरीने, हलक्या हाताने, शेवाळ कापडाइतकं पातळ होईपर्यंत. ती माती राहिली की पाणी खाली उतरत नाही. शिवाय बुंध्याभोवती बोटभर जागा मोकळी सोडायची, नाहीतर साल सतत ओली राहून कुजते. हे दोन नियम मला बाबांनी शिकवले आणि दादाच्या घरी मी दोन्ही मोडले. मुद्दाम मोडले. चुकून झालं असं मी कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

गिरणी बंद पडल्यावर बाबा मुलुंडच्या एका नर्सरीत कामाला लागले होते. तिथल्या गटाराच्या भिंतीतून उपटलेलं उंबराचं वीतभर रोप ते एका संध्याकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून नाहूरच्या घरी घेऊन आले. पुढची चाळीस वर्षं तो उंबर आमच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, एका पसरट कुंडीत राहिला. उंची दोन फुटांच्या आत, पण बुंधा माझ्या मनगटाहून जाड. शेवटची सहा वर्षं बाबांचे हात थरथरायचे, तेव्हा छाटणी, फांद्यांना वळण द्यायला गुंडाळायची तार, पाणी सगळं माझ्याकडे आलं. मी लग्नानंतरही दोनच बिल्डिंग सोडून राहते. ऑफिसला जाण्याआधी रोज सकाळी मी बाबांना चहा आणि उंबराला पाणी द्यायला जायचे. माझा मोठा भाऊ कांदिवलीला. तो महिन्यातून एकदा यायचा, ‘काय म्हणतोय आमचा उंबर?’ असं विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता टीव्ही लावायचा.

बाबा गेल्यावर मला त्या घरातलं दुसरं काही नको होतं. भांडी नकोत, कपाट नको. फक्त झाड हवं होतं. ते मलाच मिळणार हे मी इतकं धरून चालले होते की कुणाला बोलूनही दाखवलं नाही. तिथेच माझी चूक झाली.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर दादाने सरळ कुंडीला हात घातला.

“दादा, याच्याकडे रोज बघावं लागतं रे,” मी म्हटलं.

“बघू की. पाणीच तर घालायचंय. आणि मोठ्या मुलाकडे बाबांची काहीतरी आठवण नको का?”

वहिनीने कुंडीत वाकून पाहिलं. “ई, हे हिरवं हिरवं काय? किडे असतील त्यात. गाडीत चिखल होईल हं.”

दादाने ओट्यावरचं उलथनं आणलं आणि बाबांनी वर्षानुवर्षं जपलेलं ते शेवाळ डोशासारखं खरवडून वर्तमानपत्रावर टाकलं. मग कागदाची पुडी माझ्यापुढे धरून म्हणाला, “शेवाळ तेवढं तू ठेव. तुला आवड आहे ना.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेराव्याच्या घरात तमाशा नको म्हणून मी पुडी घेतली आणि गप्प बसले. गप्प बसल्यामुळे जास्तच जळले. खाली गाडीचा दरवाजा आपटल्याचा आवाज आला तेव्हा मी त्याच उलथन्याने फरशीवरची माती गोळा करत होते.

ते शेवाळ मी वाळवलं, हाताने चुरलं आणि चहाच्या गाळणीतून मासेवालीकडून मागून आणलेल्या थर्माकोलच्या खोक्यातल्या मातीवर पेरलं. पहिल्यांदा नळाचं पाणी दिलं तर आठवड्यात सगळं तपकिरी झालं. आपल्या नळाच्या पाण्यातलं औषध शेवाळाला सोसत नाही. वरच्या मजल्यावरच्यांच्या एसीचं पाणी आमच्या पत्र्यावर टपटपतं म्हणून मी त्यांच्याशी दोन उन्हाळे भांडले होते. आता त्याच धारेखाली बादली लावली. त्या पाण्यावर शेवाळाने असं अंग धरलं की बघत राहावं. कावळे किड्यांसाठी ते उलटंपालटं करायचे म्हणून वर जाळी बसवली. मे महिन्यात दिवसातून चार वेळा फवारलं. नवरा म्हणायचा, “एवढी सेवा माझी केली असतीस तर?” त्याला वाटायचं मी बाबांच्या आठवणीत रमले आहे. मी खोक्यासमोर बसून दादाला मनातल्या मनात काय काय बोलायचे, ते त्याला ऐकू येत नव्हतं ते बरंच झालं.

अशी दोन वर्षं गेली. मग श्रावणात दादाचा फोन आला. भाचीचा साखरपुडा त्यांच्या घरीच करायचा होता.

“अगं, उंबर बाल्कनीतून हॉलमध्ये आणलाय फोटोसाठी. पण खाली नुसती माती दिसते, भकास वाटतं यार. बाबांकडे कसं हिरवंगार असायचं. तुझ्याकडे आहे ना ते?”

“आहे ना.”

“मग घेऊन ये ना. झकास दिसेल.”

उलथनं त्याला आठवतही नव्हतं. ते आठवत असतं तर कदाचित मी हातात सुरी घेतली असती आणि शेवाळाची पाठ नीट साफ केली असती. मी साफ केली नाही. उलट तळाला लाल चिकणमातीचा एक थर आणखी दिला. कुंडीच्या काठापासून बुंध्यापर्यंत, बुंध्याला अगदी बिलगून, मी ते दाबून बसवलं. वरून दिसायला फार सुरेख दिसत होतं. दादा तर हरखूनच गेला.

वहिनी चहा घेऊन आली तेव्हा मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. “वहिनी, झाड इथे हॉलमध्ये किती शोभतं बघा. आणि शेवाळ ओलं राहिलं तरच हिरवं राहतं हं.” तिसरी गोष्ट मी जाता जाता, चपला घालताना सांगितली. “उंबर म्हणजे औदुंबर. दत्तगुरूच घरात आले म्हणायचे.”

तिन्ही खऱ्या. माझी वहिनी गुरुवार किती कडक पाळते हे मला ठाऊक होतं.

पुढच्याच गुरुवारी घरच्या ग्रुपवर फोटो आला. कुंडीपुढे समई, शेवाळावर हळदकुंकू, बाजूला पाण्याचा तांब्या. खाली वहिनीचे हात जोडलेले इमोजी. दर गुरुवारी तांब्याभर पाणी आणि चमचाभर दूध, आणि मधल्या दिवसांत शेवाळ सुकायला नको म्हणून सकाळ-संध्याकाळ नळाचं पाणी. नळाच्या पाण्याने ते तपकिरी पडायला लागलं की आणखी पाणी. हॉलमध्ये ऊन नाही, खाली चिकणमाती. मी ऑफिसात डबा खाताना ते फोटो बोटांनी मोठे करून बघायचे. तिसऱ्या फोटोत एक पान पिवळं दिसलं. मला आनंद झाला. त्या दिवशी मी शेजारणीच्या डब्यातली भाजीही मागून घेतली.

नवरात्रात वहिनीचा रडवेला फोन आला. “सगळी पानं गळली गं. कुंडीला वासही येतोय. लेकीचं लग्न तोंडावर आलंय आणि घरात औदुंबर सुकतोय. मला बाई भीती वाटते.”

“मी घेऊन जाते,” मी म्हटलं. “बघते काही जमतंय का.”

दादाने कुंडी स्वतः टॅक्सीत ठेवून दिली. खिडकीत वाकून त्याने विचारलं, “माझं काय चुकलं गं?”

“पाणी जास्त झालं,” मी म्हटलं. हेही खरंच होतं.

माझा हिशोब असा होता की पाव मुळं जातील, उंबर चिवट आहे, बाकीचा सांभाळून घेईल. बाथरूममध्ये कुंडी रिकामी केली आणि मुळं नळाखाली धरली. निम्म्याहून जास्त मुळं काळी पडून बोटांत विरघळत होती. मी कात्री उकळत्या पाण्यात बुडवून कुजलेलं सगळं कापलं आणि उरलेलं विटांच्या बारीक तुकड्यांत लावलं. पुढच्या पाच महिन्यांत ऑफिस सोडून मी एक दिवसही कुठे गेले नाही. लग्नाला गेले तीही दोन तासांत परतले. डावीकडची सर्वांत खालची फांदी वाळत वाळत टोकापासून खोडापर्यंत गेली, आणि त्याचा रागही मी दादावरच काढला. फाल्गुनात बाकीच्या फांद्यांवर लालसर कोंब आले. दादा फोनवर झाडाचं विचारायचा तेव्हा मी विषय बदलायचे.

मी पुढच्या भाऊबीजेची वाट बघत होते. पाटाभोवती रांगोळी काढली आणि पाटासमोर उंबर ठेवला, भरगच्च पानांचा. त्याच्या पायाशी शेवाळ, या वेळी पाठ साफ केलेलं, नियमाने लावलेलं. दादा साडीची पिशवी घेऊन आत आला आणि दारातच थबकला.

“हा जगला?”

“जगला.”

तो पाटावर बसला. मी टिळा लावला, ओवाळलं, तोंडात लाडू दिला. मग तीन वर्षं घोकलेलं वाक्य बाहेर काढलं. आइस्क्रीमच्या डब्यात भरलेलं शेवाळ त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, “दादा, शेवाळ तेवढं तू घेऊन जा.”

त्याला ते कळलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग त्याने हात पुढे करून बुंध्याभोवतीच्या मोकळ्या जागेतून एक बोट फिरवलं.

“बोटभर,” तो म्हणाला. “बाबा सोडायचे. माझ्याकडे लावलंस तेव्हा ही जागा नव्हती.”

त्यालाही तो नियम माहीत असेल असं माझ्या कधी मनातच आलं नव्हतं. त्याचं बोट वर सरकलं आणि वाळक्या फांदीवर थांबलं. तिच्या सालीवर तारेच्या जुन्या वळ्या उमटल्या आहेत. मी त्या शेकडो वेळा पुसल्या असतील.

“ही मी वाकवलेली. आठवीत होतो. बाबांनी पहिल्यांदा तार माझ्या हातात दिली होती. तू तेव्हा एवढीशी होतीस.”

“मला माहीत नव्हतं,” मी म्हटलं.

“रागावली होतीस तर भांडायचंस ना माझ्याशी. शिव्या घालायच्यास. झाडाला कशाला?”

तो जेवला, नेहमीसारखा दोनदा भात घेतला, आणि निघाला. मी ग्रिलमधून बघत राहिले. तो हातात फक्त शेवाळ घेऊन माझ्या दारातून जाताना मला बघायचा होता, आणि तो तसाच जात होता. डबा त्याने दोन्ही हातांत सपाट धरला होता, बाबा नर्सरीतून रोपं आणताना धरायचे तसा. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं.

ती वाळकी फांदी कापायलाच हवी, नाहीतर कूज बुंध्यात उतरते. येत्या रविवारी कापते, असं म्हणत माझे तीन रविवार गेले.