डाव्या चाकाचा आवाज

उंब्रजच्या रफीकभाईंच्या टायरच्या दुकानामागे जुने टायर जसे आपोआप साठत जातात, तसे तिथले किस्सेही साठत गेले आहेत. लोककथा गोळा करणे हा माझा व्यवसाय. त्या अनुभवावरून सांगतो, माणसाला जिथे निरुपायाने थांबावे लागते तिथे कथा जन्मते. पूर्वी ती नदीच्या उताराशी, पाणी ओसरण्याची वाट पाहताना जन्मत असे. आता चाक उतरवल्यावर जन्मते! साताऱ्याहून सांगलीला जाता-येता मी त्या दुकानात थांबतो. कधी गाडीसाठी, बहुतेकदा बाकड्यासाठी. त्या बाकड्यावरच्या मंडळींचे हे किस्से.

*

अण्णासाहेब सांगलीकडचे जैन बागायतदार. द्राक्षांतून निवृत्त झालेले, मितभाषी. मुलगा परदेशी गेला आणि जाताना आपली छोटी, बुटकी, दोनच सीटांची लाल स्पोर्ट्स कार आईवडिलांच्या दारात ठेवून गेला. ती गाडी पहिल्यांदा दुकानात आली, तेव्हा बाकड्यावर साताऱ्यापलीकडच्या डोंगरातल्या मेढ्याचे निवृत्त सुभेदार होते. त्यांनी तिला एक फेरी घातली.

"अण्णा, ही गाडी हाय का बूट?"

गाडीतून अण्णासाहेबांच्या पत्नी, राजमतीकाकू, कमरेवर हात ठेवून कशाबशा बाहेर आल्या.

"बूट बरा, भाऊजी. बूट घालाय खाली बसावं लागतं, पण निदान झोपावं लागत न्हाई!"

सुभेदारांनी तिथल्या तिथे आमंत्रण दिले. "वैनी, ह्याच बुटातनं मेढ्याला या. नाचणीची भाकरी खायला घालतो."

*

रफीकभाईंची एक रीत सांगायला हवी. हवा भरताना ते आकडा विचारत नाहीत. "किती जणांची भरू?" असे विचारतात. एकट्याची, दोघांची, घरभर माणसांची. आकडा त्यांच्या मनात असतो. माझ्या मते ही निव्वळ सोय नव्हे. वाहनाचे माप माणसांत करण्याची ही जुनी, बैलगाडीच्या काळातली दृष्टी आहे.

मी हे एकदा त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "बरं सर, तुमची किती जणांची भरू?"

*

पुढे कडेगावच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांनी सांडलेल्या चिखलात गाडी घसरली. इजा कोणालाच झाली नाही. पण राजमतीकाकू उतरल्या त्या पायीच निघाल्या. "आता मी यष्टीनं जाईन. ह्या गाडीत पुन्हा बसायची न्हाई."

अण्णासाहेब तडक दुकानात आले. एवढे व्याकुळ मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"रफीक, जरा रुंद टायर बसीव. गाडी रस्ता धरून चालली पायजे. ती शेजारी बसणार नसंल तर मला काय करायची ही गाडी?"

रफीकभाईंनी चाक आणि वरचा पत्रा यांच्यामध्ये बोट घातले. "थोडंच रुंद बसंल, अण्णा. चाक कुठंबी वळलं तरी मधनं माझं बोट फिरलं पायजे."

सुभेदारांनी आपले जाडजूड बोट पुढे केले. ते अडकले. "आता टायर कुणाच्या बोटाला बसवायचा, ते आधी ठरवा!"

*

नव्या चाकाखाली लिंबू चिरडण्याची प्रथा आपल्याकडे सर्वत्र आहे. रफीकभाई गिऱ्हाइकांसाठी लिंबांची टोपली बाळगूनच असतात. अण्णासाहेबांनी मोठ्या आर्जवाने काकूंना नवे टायर बसले त्या दिवशी यष्टीने बोलावून घेतले होते. चारही चाकांखाली लिंबे ठेवलेली पाहून त्या पुढे झाल्या.

"थांबा! चांगली रसरशीत लिंबं मातीत कशाला घालताय? सरबत करा की."

रफीकभाई गोंधळले. "आवं काकू, पण नजर लागली म्हंजी?"

"तहानलेल्याला पाजल्यावर कुणाची नजर लागती रं?"

चाके लिंबांना नुसती टेकवली गेली आणि सगळ्यांनी सरबत घेतले. तेव्हापासून त्या दुकानात हीच प्रथा आहे. प्रथेचा जन्म डोळ्यांसमोर पाहण्याचे भाग्य अभ्यासकाला क्वचितच लाभते. त्यात आपल्यालाही पेला मिळावा, हे त्याहून दुर्मीळ!

*

टायर बसवल्यावर घेतलेली बोटाची चाचणी मात्र चुकली होती. अण्णासाहेब एकटेच आत, आणि आम्ही सगळे जाणते बाहेर उभे राहून चाकाकडे पाहत होतो. डाव्या सीटवर कोणी बसून पाहावे, हे एकालाही सुचले नाही.

सरबतानंतर काकू मनाचा हिय्या करून बसल्या. गाडी एक फेरी मारून आली, उजवीकडे वळून दुकानाच्या आवारात शिरली आणि डाव्या चाकातून आवाज आला, खर्रर्र! वजनाने ती बाजू खाली बसली होती आणि टायर पत्र्याच्या कडेला घासत होता.

काकूंनी खिडकीतून डोके काढले. "टायर रुंद झाला, का मी?"

रफीकभाई ओशाळले. "कड आत वळवून देतो, काकू. आवाज जाईल."

"असू दे. टायर फाटंल का?"

"न्हाई, नुसता चाटतोय. वळतानाच."

"मग राहू दे. हे गाडीत बसलं की गप्प बसत्यात. शेजारी कोण हाय, ते आठवत राहील ह्यास्नी."

अण्णासाहेब लाजले. पुढे त्या दोघांच्या आगमनाची वर्दी आम्हांला तो आवाजच देऊ लागला. मान वर न करता रफीकभाई म्हणत, "दोघांची भरायची."

*

मेढ्याला जायचे राहिले. आधी सुभेदारांच्या घरचे लग्न निघाले, मग पावसाने घाट धरला, मग काकूंचे दुखणे. त्या गेल्या तेव्हा आम्ही सगळे सांगलीला जाऊन आलो.

त्यानंतर अण्णासाहेब प्रथम दुकानात आले, तेव्हा गाडी उजवीकडे वळून आत आली आणि काहीच वाजले नाही. गाडी येऊन थांबली, हे आम्हांला फार उशिरा कळले.

"अण्णा, किती..." असे सवयीने विचारता विचारता ते थांबले.

"एकट्याची," अण्णासाहेब म्हणाले.

असे पुष्कळदा झाले. सुभेदारांनी मेढ्याचा विषय काढला नाही. अण्णासाहेबांनीही नाही.

*

परवाचीच गोष्ट. आम्ही बाकड्यावर होतो. सुभेदार नाचण्या निघाल्याचे सांगत होते. रस्त्याकडे आमची पाठ होती.

खर्रर्र!

आमच्या माना एकदम वळल्या. लाल गाडी आत आली. उजवीकडे अण्णासाहेब. डाव्या सीटवर जोंधळ्याचे भरलेले पोते, त्यावर काकूंची घडी घातलेली शाल आणि आडवा लावलेला सीटबेल्ट.

सुभेदारांनी विचारले, "कुठं निघाला, अण्णा?"

"मेढ्याला. तुमच्या घरी. भाकरी खायला बोलावलं हुतंसा."

सुभेदार उठले, आपल्या मोटारसायकलकडे गेले आणि वाट दाखवायला पुढे जाऊन उभे राहिले.

रफीकभाई हवेची नळी घेऊन डाव्या चाकापाशी बसले. त्यांनी वर पाहिले नाही.

"अण्णा, किती जणांची भरू?"

"दोघांची भर."