दौलतगंजच्या गच्चीवरच्या खाटा

राजधानी ग्वाल्हेरहून भोपाळला गेली, त्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात आमच्याकडे फ्लूची साथ आली. वडील सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरी हलली तशी त्यांनाही भोपाळला जावं लागलं. तिथे घर मिळेपर्यंत आम्ही ग्वाल्हेरलाच, दौलतगंजमधल्या भाड्याच्या दोन खोल्यांत राहिलो: आई, आजोबा, आत्या आणि मी. मी तेव्हा दहाएक वर्षांची असेन.

आजोबा संस्थानच्या फौजेत होते. संस्थान विलीन झालं, त्यांची पलटण मोडली, तेव्हापासून ते फारसे बोलत नसत. सकाळी गुळगुळीत दाढी करायची, कोट चढवायचा आणि दाराशी खुर्चीत बसायचं. जायचं कुठेच नसे.

गल्लीत एकेक घर आजारी पडू लागलं आणि मग आईही पडली. आत्याने आतल्या खोलीत तिचं अंथरूण घातलं आणि खिडकी लावून घेतली. "तापात वारा लागू द्यायचा नाही," ती म्हणाली. त्या खोलीत एरवीही भरदुपारी दिवा लावावा लागे. आता तिथे औषधाचा, घामाचा आणि ओल्या कपड्यांचा वास कोंडून राहिला. डॉक्टर येऊन गेले, मिक्श्चर देऊन गेले. ताप उतरेना. आईच्या छातीतली घरघर बाहेरच्या खोलीत ऐकू येऊ लागली.

एका पहाटे आजोबा उठले आणि आत जाऊन उभे राहिले.

"हिला गच्चीवर न्यायचं."

"बाबा, अहो अंगात एवढा ताप! आणि वर लूचा गरम वारा वाहतोय."

"लू दुपारी. आत्ता नाही."

आत्या काही बोलणार, तेवढ्यात तेच पुढे बोलले. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. "मागची मोठी साथ आली तेव्हा मी पलटणीत नवा होतो. बराकीत जागा उरली नाही, म्हणून आम्हाला बाहेर कडुलिंबाखाली टाकलं. मरायलाच टाकलं होतं. पण मेले ते बराकीतले. लिंबाखालचे आम्ही बरेचसे उठलो. का उठलो, मला ठाऊक नाही. पण या कोंदट खोलीत मी सुनेला ठेवणार नाही."

आईला त्यांनी खुर्चीत बसवलं. खुर्ची वरून त्यांनी धरली, खालून आत्याने. अरुंद जिन्यात दोघांनाही धाप लागली. वर नवारीची खाट टाकली होती. ऊन नुकतंच येत होतं. आईने डोळे किलकिले केले आणि पुष्कळ वेळ ती नुसती श्वास घेत राहिली.

कठडा हाताला भाजू लागला की तिला खाली आणायचं आणि उन्हं कलली की पाणी शिंपडून पुन्हा वर न्यायचं, असं सुरू झालं. शेजारच्या चाचींची गच्ची आमच्या गच्चीला लागून होती. त्या पहिल्याच दिवशी कठड्याशी येऊन ओरडल्या, "बीमार को ऊपर क्यों लाए हो? हमारे यहाँ भी बाल-बच्चे हैं!"

आजोबांनी मधे चादर बांधली.

पुढे चाचींचे यजमानच आजारी पडले आणि एका सकाळी चादरीपलीकडे त्यांची खाट दिसली. मग आणखी गच्च्यांवर खाटा आल्या. उजाडलं की सगळ्या मोहल्ल्याचा खोकला एकदम ऐकू यायचा. सगळेच काही उठले नाहीत. समोरच्या गच्चीवरची एक खाट एकदा भिंतीला उभी करून ठेवलेली दिसली. त्या घरातली सून एरवी तिथे केस वाळवायला यायची. मी आत्याला विचारलं, तर ती म्हणाली, "तिकडे बघू नकोस."

आईचा ताप उतरला. ती भिंत धरून चालू लागली, आणि त्याच आठवड्यात आजोबांना हुडहुडी भरली.

ते उंच, हाडापेराने भक्कम. आत्याला एकटीला ते उचलेनात, आईला तर स्वतःचाच तोल सांभाळवत नव्हता. चाचींचे यजमान मदतीला आले. पण आजारातून नुकतेच उठलेले, ते जिन्यातच बसले.

"राहू द्या," आजोबा म्हणाले. "मी इथे बरा आहे."

आत्याने त्यांची खाट खिडकीशी ओढली आणि खिडकी सताड उघडली. समोर दुसऱ्या घराची भिंत होती. ऊन तिथवर कधीच पोचत नसे.

सकाळी ते मला विचारत, "वर ऊन आलं का गं?"

मी धावत जाऊन बघून यायची. "आलं."

"कुठपर्यंत?"

"पाण्याच्या रांजणापर्यंत."

ते मान हलवत. मग ते विचारणंही थांबलं.

ते गेले ते भरदुपारी. बाहेर लू इतकी होती की खिडकी लावून घ्यावी लागली होती. आई त्यांच्या पायांशी बसून त्यांना पंख्याने वारा घालत होती. आत्याने मागितला तरी ती तिला पंखा देईना. "मामंजी, वारा येतोय ना?" ती पुन्हापुन्हा विचारत राहिली. आत्याने शेवटी तिचा हात धरला आणि म्हणाली, "वहिनी, पुरे आता."

तार मिळून वडील आले, तेव्हा सगळं उरकलं होतं. तेराव्यानंतर ते आम्हाला भोपाळला घेऊन गेले. आत्या ग्वाल्हेरच्याच लष्कर भागातल्या शाळेत शिकवायची, ती मागे राहिली. स्टेशनवर ती आईला म्हणाली, "तिकडे जपून राहा." गाडी सुटल्यावर वडील नव्या घराबद्दल सांगू लागले. आई ऐकत होती की नव्हती, कळलं नाही.