शेडातली रात्र

आमच्या कोंबड्यांच्या शेडात पिल्लांची बॅच भरलेली असली की रात्र कधी व्हायचीच नाही. दिवस मावळला की बल्ब लागायचे ते थेट उजाडेपर्यंत. उजेड असला की कोंबडी खाते, खाल्लं की वजन धरते, हे शास्त्र आमच्या भागात सगळ्यांना पाठ. कोडोलीच्या रस्त्यानं जाणारा एखादा पावणा विचारायचा, लग्नघर हाय का हे? मला त्याचा अभिमान वाटायचा. मला कशाचाही वाटतो.

शेड माझ्या थोरल्या भावाची, आण्णाची. माझा वाटा सल्ल्यांचा. शिवाय तिथलं वायरिंग मी स्वतः केलेलं. शेडाला लागून आण्णाची खोली, मधे अर्धी भिंत आणि वर जाळी. शेड आणि खोली मी एकाच बटणावर घेतली होती. वायर वाचली म्हणून तेव्हा सगळ्यांना सांगतही फिरलो होतो.

वहिनी गेल्यावर आण्णानं गावातलं घर बंद केलं आणि त्या खोलीत राहायला आला. पाखरांवर लई जीव हाय गड्याचा, असं लोक म्हणायचे. मीही तसंच म्हणायचो.

गेल्या काही बॅचना मात्र काहीतरी लागलं होतं. खोकला हटेना, पायांचे सांधे सुजायचे. लस वेळेवर देऊनही पाखरं आजारी पडायचीच. शेवटी जनावरांच्या डॉक्टरबाईंना बोलावलं. त्यांनी मेलेलं पाखरू उघडून पाहिलं आणि मग मान वर करून बल्बांकडे बघत राहिल्या.

"ह्यांना झोप कधी देता?" त्यांनी विचारलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. अंधार पडला की पाखराच्या अंगात मेलाटोनिन नावाचा रस तयार होतो. रोगाशी झुंजायची ताकद त्याच्या आधारानं टिकते, अंगातली सूज त्यानं आवरते. रात्रभर उजेड ठेवला तर तो पुरेसा तयारच होत नाही. पण अंधार एकदम करू नका, असंही त्या बजावून गेल्या. मोठी पाखरं बिचकून एका कोपऱ्यात ढीग करतात आणि गुदमरून मरतात. नवी पिल्लं आली की पहिले काही दिवस उजेड ठेवायचा, मग संध्याकाळपासून थोडा थोडा अंधार वाढवत न्यायचा.

घरी येऊन हे सगळं मी हातवारे करून बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुमच्या अंगात तो रस जरा जास्तच दिसतोय, ताट उचलायच्या आत घोरता.

आण्णा नुसता खोलीतल्या बल्बाकडं बघत बसला. उजेड कमी म्हणजे वजन कमी, हीच त्याची काळजी असणार असं मी धरलं, आणि वजनावर त्याला लांबलचक व्याख्यान दिलं. त्यानं ते ऐकून घेतलं.

पिल्लं आली. काही दिवसांनी एका संध्याकाळी मी बटण बंद केलं. पिल्लांनी गलका केला, मग खाली अंथरलेल्या तुसात अंग चोरून ती हळूहळू गप झाली. कौतुकानं मागं वळलो तर आण्णा खोलीत नव्हता. बाहेर रस्त्यावरच्या खांबाच्या दिव्याखाली उभा होता, अंगावर शर्टही न घालता. गार वारा सुटला होता. काय झालं म्हणून विचारलं.

"ती गेली तवा लाईट गेलती," तो म्हणाला. "हात धरून बसलोतो मी. शेवटचं तोंड दिसलं न्हाई मला."

मी तिथं नव्हतो. आम्ही पोचलो तेव्हा लाईट आलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या खोलीला वेगळं बटण दिलं. पण उजेड जाळीतून शेडात उतरायचा आणि पिल्लं त्या उजेडाच्या पट्ट्यात येऊन जागी बसायची. जाळीला गोणपाट बांधलं, तर फटींतून तेच. डॉक्टरबाई म्हणाल्या, असला अर्धामुर्धा अंधार काही कामाचा नाही. आण्णानं ते ऐकलं, गोणपाट सोडून घडी घातली आणि संध्याकाळी वळकटी घेऊन माझ्या दारात आला.

आता तो आमच्या पुढच्या सोप्यात झोपतो, ट्यूबलाईटखाली. झोपतो म्हणजे पडून असतो. त्याचे गुडघे सुजलेत, खोकला सरत नाही. बायको दोनतीनदा म्हणाली, डॉक्टरबाईंनी सांगितलेलं माणसालाही लागू असंल की हो. मी ट्यूब बंद केली नाही.

पाखरं मात्र सुधारली. सांधे सुजत नाहीत, खोकल्याची खरखर गेली.

रोज दिवस मावळताना आम्ही दोघं गाडीवरून शेडावर जातो. बटण आण्णाच बंद करतो, मला हात लावू देत नाही. चिवचिव थांबेपर्यंत दारात उभा राहतो आणि म्हणतो, "झोपली."

गाडीचा हेडलाईट मी आधीच लावून ठेवतो. पण शेडाकडं तोंड केलं तर पाखरं जागी होतात, म्हणून गाडी रस्त्याकडं तोंड करून लावावी लागते. त्यामुळं दारापासून गाडीपर्यंतची वाट अंधारातच राहते. तेवढी वाट आण्णा माझा दंड धरून चालतो. बोटं रुततात.